दहा हजार किलोमीटर, व्हाया मुरार

मेलबर्नला निघायच्या तीन दिवस आधी मी माझा पासपोर्ट स्वतःच्या हातांनी, हळदकुंकू लावून, समोरच्या घरी ठेवून आले. हे आता कबूल करायला हरकत नाही, कारण ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते बहुतेक लोक स्वतःच विसरायच्या वयाचे झाले आहेत. मी तेव्हा एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरसवदा. तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, आणि जगातलं प्रत्येक अंतर आपल्याला पाठ आहे अशा थाटात ग्वाल्हेरच्या रस्त्यांवरून चालणारी.

समोरचं घर आमच्या दारापासून पंधरा पावलांवर. मेलबर्न दिल्लीपासून दहा हजार किलोमीटरच्या थोडं वर. त्यातलं दुसरं अंतर मी नीट मोजलं होतं.

हे सगळं परवा वर आलं ते नातीच्या फोनमुळे. ती तिकडे मेलबर्नला असते, नऊ वर्षांची आहे. शाळेत त्यांना दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाला लागणारा वेळ शोधून आणायला सांगितलं होतं. तिनं कॉम्प्युटरला विचारलं आणि त्यानं एका क्षणात उत्तर दिलं.

"आजी, दिल्ली ते मेलबर्न साडेबारा तास. बरोबर?"

"चूक. त्यात मुरार धरलेलं नाही."

"मुरार काय असतं?"

आता पोरीला काय सांगू? मुरार आमच्या, ग्वाल्हेरच्या लष्कर भागापासून सात-आठ किलोमीटरवर आहे, पूर्वीची छावणी, आता चांगला मोठा बाजार. पण त्या बुधवारी ते माझ्या आणि तिच्या आईच्या मधोमध येऊन बसलं होतं.

मुळात मला त्या बुधवारी जायचंच होतं, आणि का, ते आधी सांगते.

त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या मुलीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. तिचा फोन आला तेव्हा शाळेत बोर्डाच्या परीक्षा चालू होत्या आणि मी एका केंद्राची प्रमुख होते. मी म्हटलं, बाळा, एवढ्या परीक्षा संपू देत, लगेच येते. परीक्षा संपल्या, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गेले, तोवर ती पुन्हा कामावर रुजू झाली होती. "आता नको येऊस आई," म्हणाली. रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याशिवाय परीक्षा थांबल्या असत्या असं मला खरंच वाटत होतं, इतकी मी तेव्हा महत्त्वाची होते.

दुसऱ्या खेपेला काहीतरी गुंतागुंत होती म्हणून डॉक्टरांनी आधीच तारीख दिली. मे महिन्यातला शुक्रवार, सकाळी आठ वाजता सिझेरियन. मुलीनं फोनवर एवढंच सांगितलं: "आई, मला आत नेतील तेव्हा तू तिथे पाहिजेस. नंतर काय, कुणीही येईल."

सरळ जाणारं विमान तेव्हा रोज नव्हतं. बुधवारी संध्याकाळी साडेसातला एक होतं, ते गुरुवारी दुपारी पोचवणार. ते चुकलं की पुढचं शुक्रवारी. म्हणजे गेलंच.

ह्यांना येता येणार नव्हतं. दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले, इतके तास बसायला डॉक्टरांची सक्त मनाई. तेव्हा मी एकटीच. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचं, तेही एकदम समुद्रापार. पण भूगोलाच्या बाईला कसली भीती? निरोप समारंभात शाळेनं मला जुना पृथ्वीगोल दिला होता, तो मी जेवणाच्या टेबलावर मांडला. दिल्लीवर क्रोशाच्या दोऱ्याचं एक टोक धरलं, मेलबर्नवर दुसरं. दोरा बंगालच्या उपसागरावरून, जावा-सुमात्राच्या अंगावरून, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून गेला. मग तोच दोरा विषुववृत्तावर धरून हिशेब केला. दहा हजार आणि थोडं.

हे खुर्चीत बसून बघत होते. ह्यांची सगळी नोकरी कालव्यांसाठी जमिनी मोजण्यात गेलेली.

"दोरा सैल आहे," म्हणाले. "मोजताना साखळी ताणून धरतात."

"विमान काय साखळीवरून जातं?"

"विमान सरळच जातं. सैल तू धरलायस."

मी ताणून धरला. दोनशे किलोमीटर कमी झाले. ते मी ह्यांना सांगितलं नाही.

मग वेळ. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशाची, त्यांची दीडशेची. फरक साडेसदुसष्ट अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे साडेचार तास. हे गणित मी तीस वर्षं फळ्यावर केलं होतं. शाळेत हिंदीत 'देशांतर' म्हणायचं, घरी मराठीत 'रेखांश', पण मिनिटं तीच. मुलगी म्हणाली, आई, उन्हाळ्यात आमच्याकडे घड्याळ एक तास पुढे करतात. मी म्हटलं, सूर्याला विचारून करतात का? पण मे महिना त्यांच्याकडे उन्हाळा नव्हे, म्हणून माझं गणित शाबूत राहिलं.

एका फुलस्केप कागदावर मी तक्ता केला आणि फ्रिजवर चिकटवला. घर ते स्टेशन, एवढी मिनिटं. ग्वाल्हेर ते दिल्ली, तीनशे वीसच्या आसपास किलोमीटर, चार तास. स्टेशन ते विमानतळ. विमान, साडेबारा तास. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना: 'शिल्लक वेळ'. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो तक्ता वाचून दाखवत असे. दूधवालासुद्धा सुटला नाही.

एवढं झाल्यावर मी पंचांग उघडलं.

हसू नका. मी हसायच्या आधी तुम्ही हसू नका. भूगोल आणि पंचांग माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहत, आणि त्यांचं कधी भांडण होत नसे, कारण मी त्यांना एकमेकांशी बोलूच देत नसे. पंचांगात बुधवारी उत्तरेला दिशाशूल, म्हणजे त्या दिवशी तिकडे निघायचं नाही. दिल्ली उत्तरेला. आता मेलबर्न आहे आग्नेयेला, आणि आग्नेयेला जायला आधी उत्तरेला जायचं, याचा रकाना कुठल्याच पंचांगात नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला. दुसरी कुठली वेळ असती तर मी म्हटलं असतं, जाऊ दे. पण मागच्या खेपेचं मनात होतं. या खेपेला माझ्याकडून काहीच राहायला नको होतं, ना जमिनीवरचं, ना आकाशातलं.

अशा अडचणीवर आमच्या सासरी एक तोड होती. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आपली एखादी वस्तू, अक्षता-सुपारीसकट, शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू बाहेर पडली म्हणजे आपणही निघालो असं धरायचं. मग खरं निघताना ती वस्तू तिथून उचलायची आणि सरळ पुढे जायचं. ती घरात परत आणायची नाही आणि आपणही माघारी फिरायचं नाही. सासूबाई सांगायच्या, हे तीन दिवस टिकतं. सासरचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आलेले, ते प्रस्थानाला तलवार ठेवत. "ज्याच्यावाचून वाट अडेल ती वस्तू ठेवायची," हा सासूबाईंचा नियम. "जुनं पातळ ठेवून देवाला फसवायचं नाही."

माझी तलवार कोणती? मी नीट विचार करून ठरवलं. पासपोर्ट.

"झेरॉक्स ठेव," हे म्हणाले. "ग्रहांना फरक कळत नाही."

"मुहूर्त झेरॉक्सवर चालत नाही."

"विमान चालतं का?"

नवीन खणाची पिशवी शिवली होती, गळ्यात अडकवता येईल अशी. तिच्यात अक्षता, सुपारी, पासपोर्ट आणि तिकिटाचा कागद घालून रविवारी सकाळी मुहूर्तावर समोर गेले.

समोर राहणारी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मूळची भिंडकडची, घरात हिंदी, पण वीस वर्षं आमच्या समोर राहून मराठीत भांडता येण्याइतकी तयार झालेली. तिचा नवरा कामानिमित्त बहुतेक बाहेरगावी. प्रस्थान म्हणजे काय ते मी तिला समजावलं आणि पिशवी तिच्या देवाजवळ ठेवली.

"इसको नज़र से दूर मत करना," मी बजावलं. तीन वेळा बजावलं. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट सोपवताना बजावायचे तसं.

"ताई, जान से ज़्यादा सँभालूँगी," ती म्हणाली. मग मी तिलाही तक्ता तोंडी म्हणून दाखवला, सगळ्या वेळांसकट. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चुका मी जास्त सांगण्यातून केल्या आहेत.

बुधवारी सकाळी पावणेनऊला मी तयार. बाहेर आत्ताच ऊन चटके देत होतं आणि माझ्या हातावर लोकरीचा स्वेटर, कारण मेलबर्नला थंडी. गाडी दहा-दहाची. नऊला रिक्षा यायची होती. दोन बॅगा दारात, देवाला नमस्कार झाला, ह्यांनी माझ्या हातावर ठेवायचं दही मीच ठेवलं आणि मीच खाल्लं. मग पंधरा पावलं चालून समोर गेले.

समोर कुलूप.

फोन लावला. घंटा वाजली. माझ्या कानात वाजली आणि कुलपाच्या आतूनही वाजली. फोन घरात, बाई बाहेर. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तिथूनच ओरडून सांगितलं, "भाभी तो सबेरे ही मुरार निकल गईं. बहन के यहाँ गोदभराई है."

मी वळले. हे काठी घेऊन दारात आले होते.

"झेरॉक्स," हे म्हणाले.

"बोलू नका."

"मी कुठे बोललो? एकच शब्द उच्चारला."

तेवढ्यात रिक्षा आली. मला आठवतं, त्या क्षणी मी रडेन असं मला वाटलं होतं आणि रडायला वेळच नव्हता. 'शिल्लक वेळ'च्या रकान्यात सत्तर मिनिटं होती. कुलूप फोडावं तर दुसऱ्याचं घर. किल्ली मुरारला. तर मग मुरारला जायचं. तिच्या बहिणीकडे मी एकदा जेवायला गेले होते, सदर बाजाराच्या मागची गल्ली, दारात कडुलिंब, हिरवा दरवाजा. पत्ता नव्हता, पण भूगोल होता.

"मी किल्ली घेऊन येते," ह्यांना म्हटलं.

"बॅगा?"

"बॅगांना प्रस्थान लागत नाही, राहू देत."

रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, मुरार, आणि मग परत इथे, आणि मग स्टेशन. तो म्हणाला, स्टेशन तो रास्ते में ही पड़ता है माताजी, पहले वहीं क्यों नहीं उतर जातीं. त्याचं बरोबर होतं. लष्करातून फुलबाग, मग पडावाजवळ स्टेशन, मग ठाटीपूर, आणि मग मुरार. मला ज्या स्टेशनवर जायचं होतं ते डाव्या हाताला टाकून मी पुढे निघाले होते. पडावाच्या पुलावरून खाली रूळ दिसले तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

हिरवा दरवाजा सापडला. तो आता निळा झाला होता, पण कडुलिंब तोच. आत ढोलक, बायका, मधोमध पाटावर सातव्या महिन्याची पोरगी ओटीत नारळ घेऊन बसलेली. तिच्याकडे बघत मी दारातच थांबले. मी स्वेटर हातावर घेऊन, घामानं निथळत उभी. त्यांना वाटलं मी ओटी भरायला आलेय. एकीनं माझ्या हातात हळदकुंकवाचं ताटही दिलं. मी त्या पोरीला कुंकू लावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग विचारलं, समोरची कुठाय?

"वो तो अभी टेम्पो से निकली," बहीण म्हणाली. "कह रही थी ताई की अमानत गले में है, साढ़े नौ तक पहुँचानी है, दस बजे ताई घर से निकलेंगी."

गळ्यात. म्हणजे पिशवी कुलपाच्या आत नव्हतीच. मी सांगितलं होतं नजरेआड करू नको, म्हणून तिनं ती गोदभराईला गळ्यात घालून नेली होती. आणि मी जो तक्ता म्हणून दाखवला होता, त्यातली दहा-दहाची वेळ तिनं गाडीची न धरता घरून निघायची धरली होती. मी मुरारकडे येत होते तेव्हा माझा पासपोर्ट सवारीच्या टेम्पोत बसून लष्कराकडे चालला होता. कुठेतरी ठाटीपूरला आम्ही एकमेकींच्या शेजारून गेलो असणार.

घड्याळात नऊ बत्तीस. मी ह्यांना फोन लावला.

"ती तिकडे येतेय. पिशवी तिच्याजवळ आहे. मी परत घरी निघाले."

मग हे म्हणाले, "घरी येऊ नकोस."

"म्हणजे?"

"एकदा बाहेर पडलं की माघारी फिरायचं नाही. नियम तुझ्याच सासूबाईंचा आहे. तू सरळ स्टेशनवर जा. मी घेऊन येतो."

"तुम्ही? दोन महिने तुम्ही उंबरा ओलांडला नाहीये."

"मग काय झालं. पंधरा पावलं तर आहेत." आणि फोन ठेवला.

पंचांगाला चाळीस वर्षं नावं ठेवणाऱ्या माणसानं मला पंचांगाचा नियम सांगून स्टेशनवर पाठवलं. मी गेले. दहा वाजायच्या आत प्लॅटफॉर्मवर हजर. ग्वाल्हेरला गाडी वेळेवर येण्याचे दिवस थोडे, त्यातला एक माझ्या वाट्याला आला. दहा-दहाला माझी राखीव जागा माझ्यासमोर येऊन थांबली. मी दारापाशी उभी राहून जिन्याकडे बघत राहिले. मग ती जागा माझ्याशिवाय दिल्लीला गेली. खिडकीतल्या एका माणसानं मला हात हलवला, त्याला वाटलं मी त्यालाच सोडायला आलेय.

चार मिनिटांनी ती दोघं आली. पुढे ती, दोन्ही हातांत माझ्या दोन बॅगा, गळ्यात खणाची पिशवी, कपाळावर गोदभराईचं कुंकू. मागे हे, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं हमालाच्या खांद्याला धरलेलं. चेहरा घामानं आणि दुखण्यानं पांढरा. मी रिकाम्या रुळांकडे बोट दाखवलं.

तिला रडू फुटलं. "आप ही ने तो कहा था ताई, नज़र से दूर मत करना. मैंने तो नहाते वक़्त भी नहीं की."

मी पिशवी तिच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. ओलसर लागत होती. खरोखरच न्हाताना काढली नव्हती.

ह्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझा तक्ता, फ्रिजवरून काढून आणलेला. मला वाटलं आता टोमणा येणार. त्यांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, त्यांच्या बारीक मोजणीच्या अक्षरात, दहा-दहानंतर दिल्लीकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या लिहिल्या होत्या. कुठली किती वाजता, कुठली कुठे रखडते. सगळ्यात खाली एक ओळ: साडेबारानंतर टॅक्सी.

"हे कधी केलंत?"

"रविवारी. तू समोर गेलीस तेव्हा." मग म्हणाले, "पुढची अकरा-पाचची आहे. जागा मिळणार नाही. उभं राहावं लागेल."

"राहीन."

"चार तास?"

"तीस वर्षं उभीच होते."

अकरा-पाचची अकरा-वीसला आली. हमालानं मला आणि बॅगांना डब्यात कोंबलं. मी दाराशी, वॉशबेसिनजवळ, मोठ्या बॅगेवर बसले, मांडीवर स्वेटर, मुठीत पिशवी. दारातून ह्यांनी तक्ता माझ्या हातात दिला आणि दोन बोटांनी माझ्या पिशवीची नाडी ताणून बघितली, गाठ पक्की आहे की नाही.

मुरैनापर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. चंबळच्या घळी दिसायला लागल्या तशा शिव्या संपल्या आणि मी मोजायला लागले. माझ्या शेजारी खाली बसलेली एक बाई मथुरेला चालली होती. तिनं विचारलं, अम्मा, कहाँ जा रही हो?

"मेलबर्न."

"वो कौन सा स्टेशन हुआ?"

"दिल्ली के बाद."

"बहुत बाद?"

"काफ़ी बाद."

तिनं मला अर्धी पुरी आणि कैरीचं लोणचं दिलं. मथुरेनंतर गाडी सिग्नलला थांबली. पाच मिनिटं, दहा, पंचवीस. बाहेर उन्हाची गरम लू वाहत होती, डब्यात कुणी हलत नव्हतं. मी पेन्सिलीनं 'शिल्लक वेळ'चा रकाना खोडून पुन्हा लिहिला. तीन तास. मग दोन तास पस्तीस. मला कळलं की तक्त्याचा उपयोग इतकाच, की घाबरायला किती वेळ आहे ते समजतं. आणि तेवढा वेळ घाबरण्यात घालवायचा नाही, एवढं मी ठरवलं. मनात एकच वाक्य धरून बसले: शुक्रवारी सकाळी आठ. विमान गेलं तर दुसऱ्या गावावरून जाईन, तिसऱ्या देशावरून जाईन, पण शुक्रवारी सकाळी आठला मी त्या दारात उभी असेन.

दिल्लीला उतरले तेव्हा चार वाजून गेले होते. टॅक्सी, गर्दी, आणखी गर्दी. विमानतळावर सामान घेणारी खिडकी साडेसहाला बंद होणार होती. मी पावणेसहाला तिच्यापुढे उभी होते. खिडकीतल्या मुलीनं पासपोर्ट मागितला. मी पिशवी उलटी केली. आधी सुपारी घरंगळली, मग तांदूळ पसरले, मग पासपोर्ट. त्याच्या अशोकस्तंभावर हळदीचं बोट.

मुलीनं तांदळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, लोणच्याच्या डागाकडे बघितलं. "मॅम, पहली बार?"

"दुसरी," तांदूळ-सुपारी पिशवीत परत भरत मी म्हटलं. "पहिल्या वेळी आले नव्हते." तिला ते काही कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

विमानाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. साडेबारा तास, कॉम्प्युटर म्हणतो तेवढेच. समोरच्या पडद्यावर छोटं विमान नकाशावरून सरकत होतं. बंगालचा उपसागर, सुमात्रा, मग वाळवंट. माझ्या दोऱ्यावरून अगदी बरोबर चाललं होतं, ताणलेल्या. पाय सुजले, जेवण थंड होतं, शेजारचा माणूस माझ्या खांद्यावर झोपला. दहा हजार किलोमीटर मला फार सोपे गेले.

मेलबर्नला उतरल्यावर गणवेशातल्या एका बाईनं विचारलं, धान्य, बी-बियाणं काही आहे का? त्या देशात तांदळाचा दाणाही बाहेरून चालत नाही. मी खरं सांगितलं आणि पिशवी उघडून दाखवली. तिनं हातमोजे घालून अक्षता आणि सुपारी काढून घेतली. हे कशासाठी असतं, तिनं विचारलं. माझं इंग्रजी शाळेपुरतं. मी म्हटलं, "फॉर स्टार्टिंग." ती म्हणाली, "वेल, यू हॅव अराइव्ह्ड." आणि सगळं डब्यात टाकलं. मला वाईट वाटलं नाही. त्यांचं काम झालं होतं.

बाहेर मुलगी उभी होती, जावयाच्या हाताला धरून, पोट हे एवढं पुढे. गुरुवार, दुपारचा एक. गाडीत मी सगळं सांगितलं. कुलूप, आतून वाजणारा फोन, मुरार, निळा झालेला हिरवा दरवाजा, न्हाताना न काढलेली पिशवी. ती इतकी हसली की दोन्ही हातांनी पोट धरून म्हणाली, "आई, बास, आजच होईल." मग ह्यांनी कागदाच्या मागे लिहिलेल्या गाड्यांचं सांगितलं, तेव्हा हसता हसता गप्प झाली आणि कागद मागून घेतला. घर येईपर्यंत ती तो उलटसुलट करून बघत होती.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तिला निळा झगा घालून पलंगावर झोपवलं होतं. नर्स म्हणाली, आत एकच जण जाऊ शकतो, नवरा जाईल. मी म्हटलं, मी दारापर्यंत येते. पलंगाची चाकं सुटली, पांढऱ्या बोळातून आम्ही निघालो, मी तिच्या उशाशी, एका हातानं कठड्याला धरून. पिशवी अजून माझ्या गळ्यातच होती. दोन दिवसांत ती काढायचं मला सुचलं नव्हतं. दारापाशी पलंग थांबला. तिनं हात वर केला, मला वाटलं माझा हात हवा आहे. तिनं पिशवीची नाडी धरली, माझ्या डोक्यावरून काढली, आतला पासपोर्ट चाचपून बघितला आणि पिशवी आपल्या उशीखाली सरकवली.

"हा आता माझ्याकडे राहील," ती म्हणाली. "तुझ्याकडे दिला तर तू परत कुणाच्या तरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवशील. मी बाहेर येईपर्यंत इथून हलू नकोस, आणि नंतरही मी देईन तेव्हाच मिळेल."